सर्व्हर चालू, तरी कधी आयपीव्ही४ बंद तर कधी आयपीव्ही६: परत परत येणाऱ्या बिघाडाचं मूळ आणि उपाय

सर्व्हरची प्रोसेस चालू आहे, मशीनवर ताण नाही, पोर्टही (सेवेचं क्रमांक दिलेलं दार) उघडं दिसतंय. तरी निम्म्या लोकांचं कनेक्शन होत नाही. कोणीतरी सेटिंगमधली एक ओळ बदलतं आणि सगळं सुरळीत होतं. महिना-दोन महिन्यांनी मशीन रीस्टार्ट होते आणि आता उरलेल्या निम्म्यांची तक्रार येते. आमच्याकडे हे एका वर्षात तीनदा झालं. दोनदा आम्ही वेगवेगळं कारण धरून मलमपट्टी केली. तिसऱ्यांदा रात्रभर बसून मुळापर्यंत गेलो, तेव्हा कळलं की तिन्ही वेळचं दुखणं एकच होतं. ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हा बिघाड शोधायला जितका वेळ गेला त्याच्या दहाव्या हिश्श्यात तो दुरुस्त होतो.

आमची सेवा साधी आहे. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. वजनकाटा आणि फॅट मशीन यांना जोडलेला एक छोटा डबा प्रत्येक नोंद मॉडेममार्फत आमच्या सर्व्हरवर पाठवतो. हे डबे जुने आहेत, त्यांना फक्त आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, कळतं. दुसरीकडे संस्थेच्या सचिवांच्या फोनमध्ये आमचं अ‍ॅप आहे, आणि मोबाइल डेटावर फोनला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता मिळतो. डबे बदलणं संस्थांना परवडणारं नाही आणि मोबाइल कंपन्या आयपीव्ही६ सोडून मागे यायच्या नाहीत. म्हणजे एकाच पोर्टवर दोन्ही पिढ्यांची कनेक्शनं आली पाहिजेत, रोज, सकाळी सहाच्या आत.

तीन वेळा काय घडलं

पहिल्यांदा फोनवालेच अडले. डोमेनला नुकताच एएएए रेकॉर्ड जोडला होता, म्हणजे नावामागे आता आयपीव्ही६ पत्ताही होता. पण सेवेच्या सेटिंगमध्ये पत्ता होता फक्त ०.०.०.०, म्हणजे मशीनचे सगळे आयपीव्ही४ पत्ते. आमच्या एका सहकाऱ्याने त्याखाली दुसरी ओळ टाकली, :: (मशीनचे सगळे आयपीव्ही६ पत्ते). फरक पडला नाही. मग त्याने दोन्ही ओळींची अदलाबदल केली, :: वर आणि ०.०.०.० खाली, आणि दोन्हीकडची कनेक्शनं यायला लागली. असं का झालं हे तेव्हा कोणी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

त्यानंतर लॉगमध्ये सेवा सुरू होताना दर वेळी एक इशारा दिसायचा: ०.०.०.० वर बाइंड (पत्ता आणि पोर्ट ताब्यात घेणं) जमला नाही, पत्ता आधीच वापरात आहे, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज. सेवा तर नीट चालली होती. ती ओळ निरुपयोगी आहे असं समजून कोणीतरी काढून टाकली. लॉग स्वच्छ झाला.

दुसऱ्यांदा डबे अडले. एका मंगळवारी सुरक्षिततेसाठीची एक तयार स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवली होती. तेव्हा काहीच बिघडलं नाही. शनिवारी रात्री सेवा रीस्टार्ट झाली आणि रविवारी सकाळी सव्वासहाला एका सचिवांचा फोन आला, "सर, पावती निघतेय, पण नोंद वर जाईना. टँकर यायची वेळ झाली." पाठोपाठ बाकीच्या संस्थांचे फोन. ०.०.०.० ही ओळ परत टाकली, डबे जोडले गेले. कारण म्हणून आम्ही 'ओळ चुकून काढली गेली होती' एवढंच लिहिलं.

तिसऱ्यांदा सेवा नव्या मशीनवर हलवली. सेटिंगची फाइल आता एका टूलमधून तयार होत होती आणि ते टूल पत्त्यांची यादी क्रमाने लावत होतं. शून्य हे अक्षर कोलनच्या आधी येतं, म्हणून ०.०.०.० वर गेला आणि :: खाली. परत फोन बंद. सेटिंगमध्ये दोन्ही पत्ते होते, कागदावर सगळं बरोबर होतं.

आधी तक्रारीचा प्रकार ओळखा

अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एवढाच: नकार लगेच येतोय की नुसती वाट बघावी लागतेय?

'कनेक्शन रिफ्यूज्ड' ताबडतोब आलं तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलंय, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणी लिसन करत, म्हणजे कनेक्शनची वाट बघत, नाहीये. दोष सेवेत किंवा तिच्या सेटिंगमध्ये. काहीच उत्तर न येता शेवटी टाइम आउट झालं, तर फायरवॉल पॅकेट गिळतेय किंवा रस्ता तुटलाय. या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि सुरुवातीलाच वेगळ्या केल्या तर अर्धा दिवस वाचतो.

यात एक गोष्ट दिशाभूल करते. आजचे ब्राउझर दोन्ही पत्ते जवळजवळ एकाच वेळी करून बघतात. या पद्धतीला हॅपी आयबॉल्स म्हणतात आणि २०१७च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ती नीट मांडलेली आहे: आधी आयपीव्ही६, पाव सेकंदात जमलं नाही तर सोबत आयपीव्ही४ही सुरू. त्यामुळे तुमचं आयपीव्ही६ पूर्ण बंद असलं तरी ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि तुम्ही म्हणता 'माझ्याकडे तर चालतंय'. पण स्वतः लिहिलेलं अ‍ॅप नावाचा पहिला पत्ता घेऊन तेवढ्यावरच अडून बसत असेल, तर त्याला हा आधार नसतो. काहीच उत्तर आलं नाही तर लिनक्सच्या मूळ सेटिंगला पहिलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि हार मानायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. संकलनाच्या रांगेत उभ्या माणसासाठी दोन मिनिटं म्हणजे बंदच. म्हणून तपासणी ब्राउझरमधून करू नका. कर्ल किंवा एनसी या कमांडला -४ आणि -६ असे पर्याय आहेत, दोन्ही वेगवेगळे चालवा आणि तेही मशीनच्या बाहेरून. शिवाय लोकलहोस्ट हे नाव (मशीन स्वतःलाच ज्या नावाने हाक मारते ते) तपासणीत वापरू नका. ते कधी १२७.०.०.१ होतं, कधी ::१. नोड जेएसच्या १७व्या आवृत्तीपासून नावाचे पत्ते डीएनएसने दिले त्याच क्रमाने घेतले जायला लागले, तेव्हा कित्येकांचे चालते प्रोग्राम ::१ वर रिफ्यूज्ड म्हणून थांबले. समोरची सेवा फक्त १२७.०.०.१ वर होती, एवढंच कारण.

पोर्ट नेमकं कोणासाठी उघडं आहे

मशीनवर एसएस ही कमांड -एलएनटीपी या पर्यायांसह चालवा आणि आपल्या पोर्टची ओळ शोधा. पोर्ट ७०१० आहे असं धरू. पत्त्याच्या रकान्यात तीनपैकी एक रूप दिसेल:

०.०.०.०:७०१०
[::]:७०१०
*:७०१०

पहिल्याचा अर्थ फक्त आयपीव्ही४. दुसऱ्याचा अर्थ फक्त आयपीव्ही६. तिसरी, चांदणी असलेली ओळ म्हणजे एकच आयपीव्ही६ सॉकेट (प्रोग्रामने उघडलेलं कनेक्शनचं टोक) जो दोन्ही घेतो. पहिल्या दोन ओळी एकत्र दिसल्या तरीही ठीक, दोन सॉकेट आहेत आणि दोघं मिळून सगळं घेतात. आमच्याकडे तिसऱ्या बिघाडाच्या रात्री फक्त पहिली ओळ दिसली, सेटिंगमध्ये दोन पत्ते असताना. तिथेच पहिल्यांदा लक्षात आलं की सेटिंगची फाइल आणि प्रत्यक्ष सॉकेट या वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी नेटस्टॅट कमांड इथे उपयोगाची नाही. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही प्रकारांना टीसीपी६ आणि :::७०१० असंच दाखवते. फक्त आयपीव्ही६ की दोन्ही, हा आपला मूळ प्रश्नच तिच्या उत्तरात नाही. आम्ही दुसऱ्या वेळी नेटस्टॅट बघूनच फसलो होतो.

मूळ कारण

आयपीव्ही६ सॉकेट :: या पत्त्यावर बाइंड केला की तो आयपीव्ही४ची कनेक्शनंही घेणार का, हे एका पर्यायावर ठरतं. त्याचं नाव आयपीव्ही६_व्ही६ओन्ली. पर्याय बंद असेल तर सॉकेट दोन्ही घेतो, आणि आयपीव्ही४वरून आलेला पाहुणा त्याला आयपीव्ही६च्या वेषात दिसतो: ::एफएफएफएफ: आणि पुढे त्याचा नेहमीचा चार आकड्यांचा पत्ता. पर्याय चालू असेल तर तो फक्त आयपीव्ही६ घेतो.

२००३च्या आरएफसी ३४९३प्रमाणे हा पर्याय मुळात बंद असायला हवा. प्रत्यक्षात घरोघरी वेगळी रीत आहे. लिनक्सवर मूळचा बंद, मॅकवर बंद. विंडोजवर चालू. फ्रीबीएसडीवर आणि नेटबीएसडीवर चालू. ओपनबीएसडीवर तर कायमचाच चालू, बंद करताच येत नाही, कारण त्या मंडळींना वेषांतर केलेले पत्ते सुरक्षिततेला धोक्याचे वाटतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. भरीस भर म्हणजे लिनक्सवर ही मूळ स्थिती बदलणारी एक सेटिंग आहे, नेट.आयपीव्ही६.बाइंडव्ही६ओन्ली. शून्य असेल तर वर सांगितलं तसं, एक केलं की मशीनवरच्या सगळ्या नव्या सॉकेटची रीत उलटी. डेबियनने २००९च्या अखेरीस आपल्या विकसनशील आवृत्तीत ती एक करून पाहिली होती. जावाचे प्रोग्राम अडायला लागले आणि २०१०मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला.

आता दुसरा अर्धा भाग. लिनक्सवर पर्याय बंद असलेला :: आणि ०.०.०.० हे दोन्ही एकाच पोर्टवर एकत्र नांदू शकत नाहीत, कारण पहिल्याने आयपीव्ही४ची जागाही व्यापलेली असते. जो आधी बाइंड होईल त्याला जागा मिळते. दुसऱ्याला अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज, चूक क्रमांक ९८.

यावरून आमचे तिन्ही प्रसंग उलगडतात. :: आधी असेल तर तो दोन्ही घेतो, मागाहून आलेला ०.०.०.० नाकारला जातो आणि कोणाचंच नुकसान होत नाही, म्हणून पहिल्या वेळची अदलाबदल लागू पडली. मग ती 'निरुपयोगी' ओळ काढली. त्या सुरक्षा स्क्रिप्टने बाइंडव्ही६ओन्ली एक केलं होतं, पण उघडे सॉकेट तसेच राहतात, नवी रीत रीस्टार्टनंतरच लागू झाली. तेव्हा :: फक्त आयपीव्ही६चा झाला आणि डबे रस्त्यावर आले. ०.०.०.० परत टाकल्यावर दोन्ही सॉकेट सुखाने वेगळे नांदले. नव्या मशीनवर ती स्क्रिप्ट चाललेली नव्हती, म्हणजे मूळची रीत परत आली, आणि यादीत ०.०.०.० आधी. त्याने जागा घेतली, :: नाकारला गेला आणि आमचा प्रोग्राम एक इशारा लिहून पुढे निघाला.

हा प्रोग्रामचा गप्प बसण्याचा स्वभाव हेच खरं दुखणं. ज्याने तो लिहिला त्याचा हेतू चांगला होता: एखाद्या मशीनवर आयपीव्ही६ नसेलच, तर सेवेने तेवढ्यासाठी पडू नये. पण 'या मशीनला आयपीव्ही६ येत नाही' आणि 'पोर्ट आधीच व्यापलंय' या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिलीत सॉकेट तयार होतानाच 'अ‍ॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड' असं उत्तर येतं आणि तिकडे दुर्लक्ष करणं योग्य. दुसरीकडे दुर्लक्ष केलंत तर सेवा अर्धी लंगडी सुरू होते आणि कोणालाच कळत नाही.

दुरुस्ती

मार्ग दोन आहेत. दोन्हीत नियम एकच: पर्यायाची किंमत स्वतः लिहून द्या, मशीनच्या मूळ रीतीवर सोडू नका.

पहिला मार्ग, एकच आयपीव्ही६ सॉकेट. सॉकेट तयार केल्याबरोबर, बाइंड करण्याआधी, व्ही६ओन्ली शून्य करा. मग :: वर बाइंड. बाइंड झाल्यावर हा पर्याय बदलायला गेलात तर सिस्टिम नकार देते, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. कोड कमी लागतो. विंडोजवर व्हिस्टापासून हे चालतं. ओपनबीएसडीवर मात्र चालणार नाही, आणि आयपीव्ही४वाले सगळे वेष बदलून येतात, त्याचे परिणाम खाली सांगतो.

दुसरा मार्ग, दोन सॉकेट. आयपीव्ही६च्या सॉकेटवर व्ही६ओन्ली स्वतः एक करा आणि :: वर बाइंड करा, आयपीव्ही४चा वेगळा सॉकेट ०.०.०.० वर. आता दोघांचं भांडण होऊच शकत नाही, कोणताही आधी येवो. दोन्हीकडून येणारी कनेक्शनं एकाच ठिकाणी हाताळायला पोल किंवा ईपोल (अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवणारी सोय) लागतो, एवढंच जास्तीचं काम. मी हाच निवडला. आयपीव्ही४ पत्ता आयपीव्ही४सारखाच दिसतो, सगळ्या सिस्टिमवर तेच वागणं मिळतं, आणि एक बाजू उघडली नाही तर ती चूक त्या बाजूची म्हणून स्पष्ट दिसते.

पत्ते हाताने लिहू नका, पत्त्यांची यादी देणाऱ्या गेटअ‍ॅड्रइन्फोला विचारा, पण त्याने दिलेल्या यादीतला फक्त पहिला पत्ता घेऊन थांबू नका. सर्व्हरसाठी मागितलेल्या यादीत लिनक्सवर बहुधा ०.०.०.० आधी येतो, म्हणजे 'पहिला घ्या' लिहिलेला प्रोग्राम आयपीव्ही४पुरताच राहतो. सगळी यादी फिरा. जुना गेटहोस्टबायनेम कोडात कुठे उरला असेल तर तो काढा, त्याला आयपीव्ही६ माहीतच नाही असं धरा. आणि पत्ता साठवायला सॉकअ‍ॅड्र_स्टोरेज वापरा. आयपीव्ही४चा पत्ता १६ बाइटचा, आयपीव्ही६चा २८ बाइटचा. जुन्या मापाच्या जागेत नवा पत्ता मावत नाही.

स्वतः सॉकेट लिहीत नसाल, तयार साधनं वापरत असाल, तर प्रत्येकाची खोड वेगळी. पायथनमध्ये ३.८पासून सॉकेट मॉड्यूलमध्ये क्रिएट_सर्व्हर आहे, त्याला ड्युअलस्टॅक_आयपीव्ही६ ट्रू दिलं की पहिला मार्ग तयार मिळतो. असिंकआयओ मात्र आपणहून दुसरा मार्ग घेतं. गो भाषेत नुसतं टीसीपी आणि :७०१० लिहिलं की दोन्ही मिळतं, कोणी टीसीपी४ लिहून ठेवलं असेल तर मिळत नाही. एनजिनएक्समध्ये लिसन ८० आणि लिसन [::]:८० अशा दोन ओळी लिहा, १.३.४पासून त्याचा आयपीव्ही६ सॉकेट मुळातच फक्त आयपीव्ही६चा असतो, त्यामुळे पहिली ओळ विसरलात तर आयपीव्ही४ बंद. सिस्टिमडी सॉकेट उघडून देत असेल तर त्याच्या फाइलीत बाइंडआयपीव्ही६ओन्ली नावाची स्वतंत्र ओळ आहे, तिथे बोथ किंवा आयपीव्ही६-ओन्ली असं स्पष्ट लिहा.

जावासाठी वेगळा परिच्छेद हवा. सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये प्रेफरआयपीव्ही४स्टॅक ट्रू असं काही आहे का, आधी ते शोधा. कोणे एके काळी कुठलीतरी अडचण सोडवायला ते टाकलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं एका स्क्रिप्टमधून दुसरीत नक्कल होत राहतं. ते असेल तर जावा आयपीव्ही६ सॉकेट उघडतच नाही. नावात 'प्रेफर' आहे म्हणून ती नुसती आवड वाटते, पण ती आवड नाही, ती बंदी आहे. सेटिंगमध्ये तुम्ही कितीही वेळा :: लिहा, उपयोग नाही.

सॉकेट बरोबर, तरी बाहेरून टाइम आउट

आम्ही दोन सॉकेट केले, एसएसमध्ये दोन्ही ओळी दिसल्या, मशीनवरून दोन्ही चालले आणि बाहेरून आयपीव्ही६ टाइम आउट. इथे फायरवॉल बघा. लिनक्सवर आयपीटेबल्स फक्त आयपीव्ही४चे नियम पाळतं, आयपीव्ही६चे नियम आयपी६टेबल्समध्ये वेगळे लिहावे लागतात. एनएफटीटेबल्समध्ये आयनेट नावाची फॅमिली घेतली तर एकच नियम दोघांना लागतो, नव्याने लिहीत असाल तर तेच घ्या. क्लाउडच्या फायरवॉलमध्येही तसंच: ०.०.०.०/० ला परवानगी दिली म्हणजे जगाला दिली असं वाटतं, पण ::/० चा वेगळा नियम नसेल तर आयपीव्ही६चं जग बाहेरच राहतं.

याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे. आयपीव्ही४साठी तुम्ही नियम काटेकोर लिहिलेत, आयपी६टेबल्स रिकामं आहे, आणि आता तुमचा डेटाबेस :: वर लिसन करायला लागला. पुढचं दार कुलूपबंद, मागचं सताड उघडं. दोन्ही प्रोटोकॉल चालू करायच्या आधी मशीनवरचं प्रत्येक उघडं पोर्ट एसएसमध्ये बघून घ्या, फक्त आपल्या सेवेचं नाही.

फायरवॉल बघताना आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नका. आयपीव्ही४मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करू शकतो, आयपीव्ही६मध्ये करत नाही. तो पाठवणाऱ्याला 'पॅकेट फार मोठं' असा आयसीएमपीव्ही६ निरोप धाडतो. तो निरोप फायरवॉलने अडवला तर पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. लक्षण फार फसवं असतं: कनेक्शन जुळतं, छोट्या नोंदी जातात, आणि महिन्याचा अहवाल किंवा फोटो अर्ध्यावर लटकतो. तेव्हा दोष अ‍ॅपचा वाटतो. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक जोडणीने किमान १२८० बाइटचं पॅकेट वाहिलंच पाहिजे असा नियम आहे. पॅकेटची मर्यादा तात्पुरती तेवढ्यावर आणून अडलेलं काम सुटलं, तर रोग हाच समजा.

वेष बदललेले पत्ते

एकच सॉकेट ठेवला असेल तर कनेक्शन यायला लागल्यावरही काम संपत नाही. आयपीव्ही४वरून आलेला प्रत्येक पत्ता ::एफएफएफएफ: लावून येतो आणि पुढचा कोड त्याला ओळखत नाही. परवानगीच्या यादीत १०.२०.०.०/१६ (१०.२०ने सुरू होणारे सगळे पत्ते) आहे, आणि दारात ::एफएफएफएफ:१०.२०.३.४ उभा आहे. अक्षरं जुळत नाहीत म्हणून आपल्याच माणसाला नकार. याहून वाईट म्हणजे बंदीच्या यादीत असलेला पत्ता वेष बदलून सरळ आत. उपाय: कनेक्शन घेतल्याबरोबर, दुसरं काही करायच्या आधी, हा वेष उतरवून पत्ता मूळ आयपीव्ही४ रूपात आणा. गोमध्ये त्यासाठी नेटआयपी पॅकेजात अनमॅप आहे, पायथनच्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलमध्ये आयपीव्ही४_मॅप्ड आहे, आणि जावा हे आपणहून करतं.

डेटाबेसमध्ये आम्हाला जे सापडलं ते मी अजून विसरलो नाही. पत्त्याचा रकाना होता १५ अक्षरांचा. आयपीव्ही४चा सगळ्यात लांब पत्ता बरोबर १५ अक्षरांत बसतो, म्हणून पूर्वी कोणीतरी मोजूनमापून तो ठरवला होता. वेषाची पहिली सात अक्षरं त्यात गेली की उरतात आठ. २०३.०.११३.२५ या पत्त्यातलं फक्त २०३.०.११ शिल्लक राहिलं, पुढचं कापलं गेलं. मायएसक्यूएलचा कडक मोड त्या मशीनवर बंद होता, त्यामुळे चूकही आली नाही. ज्या दिवसांत सेवा :: वर चालत होती त्या सगळ्या दिवसांच्या नोंदींत पत्ते असे तुटलेले होते आणि कोणती नोंद कुठल्या मॉडेमवरून आली हे नंतर सांगता येईना. नोंदींत संस्थेचा क्रमांक वेगळा होता म्हणून शेतकऱ्यांच्या हिशेबाला धक्का लागला नाही, नाहीतर दुधाचे पैसे चुकले असते. रकाना ४५ अक्षरांचा ठेवा, वेषासकट सगळ्यात लांब पत्ता त्यात मावतो. पोस्टग्रेसमध्ये आयनेट हा पत्त्यांसाठीचाच प्रकार आहे, तो वापरा.

लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टही बघून घ्या. पत्ता आणि पोर्ट वेगळे करायला पहिल्या कोलनवर तोडणारी ओळ प्रत्येक जुन्या कोडात असते. आयपीव्ही६ पत्ता कोलननेच भरलेला असतो, म्हणून पोर्टसोबत लिहिताना तो चौकटी कंसात घालायची रीत आहे. तोडायचंच तर शेवटच्या कोलनवर तोडा, आणि शक्यतो भाषेत तयार असलेलं फंक्शन वापरा.

फोनच्या बाबतीत एक सल्ला: आयपीव्ही६ पत्त्यावरून फोन ओळखायचा प्रयत्न करू नका. फोन आपला पत्ता गोपनीयतेसाठी मुद्दाम बदलत राहतो. जास्त विनंत्या करणाऱ्याला रोखायचं असेल तर अख्ख्या पत्त्यावर मर्यादा न लावता पहिल्या ६४ बिटांवर लावा, कारण एका ग्राहकाच्या हाती साधारणपणे किमान तेवढा मोठा पट्टा असतो आणि एक पत्ता अडवला तर तो पुढचा घेईल. ओळख पटवायला लॉगिन आहेच.

परत होऊ नये म्हणून

आता आमची सेवा सुरू होताना लॉगमध्ये दोन ओळी लिहिते, कोणता सॉकेट कोणत्या पत्त्यावर उघडला आणि व्ही६ओन्ली किती आहे. दोनपैकी एकही पोर्ट व्यापलेलं निघालं तर सेवा सुरूच होत नाही. रात्री दोनला सेवा पडली तर गजर वाजतो आणि कोणीतरी उठतं. अर्धी चालू राहिली तर सकाळी सव्वासहाला सचिवांचा फोन येतो. मला पहिलं चालेल.

चाचण्यांमध्ये १२७.०.०.१ आणि ::१ अशा दोन्हीकडून खरं कनेक्शन करून बघणारी एक चाचणी टाकली, आणि ती लिनक्सवर दोनदा चालते: एकदा बाइंडव्ही६ओन्ली शून्य ठेवून, एकदा एक करून. पत्त्यांची यादी उलटसुलट करूनही चालवतो. ज्या सहकाऱ्याने मुळात हा कोड लिहिला तो विंडोजवर काम करत होता, तिथे दोन्ही ओळी नेहमीच नीट चालायच्या, त्याला हा बिघाड कधी दिसणं शक्यच नव्हतं. बाहेरून देखरेख करणाऱ्या तपासणीचे दोन भाग केले, एक आयपीव्ही४वरून आणि एक आयपीव्ही६वरून, दोघांचे गजर वेगळे. नावाने तपासणारी एकच तपासणी ठेवली तर ती जमेल त्या रस्त्याने आत येते आणि 'सगळं ठीक' म्हणते.

आणि डोमेनला एएएए रेकॉर्ड सगळ्यात शेवटी जोडा, बाहेरून -६ने कनेक्शन झाल्यावरच. आमच्याकडे पहिल्या वेळी तो सगळ्यात आधी जोडला गेला होता.